चौदाव्या दिवसाचा अंदाज

जानेवारी होता. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि मी कोथरूडमधल्या आमच्या क्लासमध्ये दुपारी चारच्या बॅचला त्रिकोणमितीची उदाहरणं सोडवून दाखवत होते. मला सव्वीस आठवडे पूर्ण झाले होते, पोटात जुळी होती. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा ड्रेस ओला झालाय." मी "हो" म्हणाले, फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं, उत्तराला चौकट केली आणि मग खुर्चीत बसले. नंतर पुष्कळांनी मला विचारलं, तेव्हाच का नाही निघालीस? निघाले असते तरी पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. पण माझा स्वभाव कसा आहे हे त्यावरून कळावं म्हणून सांगते. हातातलं उदाहरण मी अर्धवट सोडत नाही.

नाव घातलं होतं त्या नर्सिंग होमने दारातूनच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. संध्याकाळी सिझेरियन झालं. आधी मुलगी, एका मिनिटाने मुलगा. मुलगी नऊशे ग्रॅमची, मुलगा आठशे वीस. सासूबाईंनी वजनं ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे दोघं मिळून एक बाळ झालं म्हणायचं."

तिसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून खाली नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन चढवला आणि आत गेले. दोघांच्या काचेच्या पेट्या लांब लांब होत्या. दोन्हींवर माझं नाव आणि त्याखाली एकीवर 'जुळे एक', दुसरीवर 'जुळे दोन'. मुलीच्या नाकावर हवा ढकलणारा मुखवटा होता. मुलाच्या तोंडातून नळी गेलेली होती आणि व्हेंटिलेटर त्याचा श्वास घेत होता. त्याची कातडी इतकी पातळ होती की पोटावरच्या शिरा मोजता आल्या असत्या. छाती हलत होती, पण ती हलवणारा तो नव्हता. मी दोघांच्या पेट्यांत हात घातला, दोघांनी माझं बोट धरलं. तेव्हा मी दोघांची आई होते. पुढचे दहा-अकरा दिवसही होते.

आमचे डॉक्टर पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. रोज सकाळी फेरी झाली की बाहेर येऊन सांगायचे, "आज दोघंही आहेत." नवऱ्याने एकदा विचारलं, "उद्या?" ते म्हणाले, "उद्याचं उद्या सांगेन."

चौदाव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मुलाची नळी निघत नव्हती. दोनदा काढून पाहिली, दोन्ही वेळा तासाभरात परत घालावी लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ज्या मशीनवर तो जगतोय तेच मशीन आणि तोच ऑक्सिजन त्याची कच्ची फुप्फुसं आतून खरवडतोय. असंच चाललं तर फुप्फुसाचा जुनाट आजार मागे लागतो, महिनोन्महिने ऑक्सिजन लागतो, काही मुलं त्यातून बाहेर येत नाहीत. एक औषध आहे, स्टेरॉइड. त्याने फुप्फुसं सावरतात, पण मेंदूला धोका पोहोचू शकतो. म्हणून ते सरसकट देत नाहीत. ज्या बाळाला हा आजार होण्याची शक्यता जास्त, त्यालाच देतात.

"ती शक्यता कशी कळते?" नवऱ्याने विचारलं. तो एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो, बोलण्यात सावकाश आहे.

"काढता येते. किती आठवड्यांचं बाळ, वजन किती, कुठल्या मशीनवर आहे, ऑक्सिजन किती लागतोय, मुलगा की मुलगी."

"मुलगा की मुलगी?"

"मुलग्यांची फुप्फुसं मागून तयार होतात. मुलगा असणं ही जोखीमच आहे."

मी म्हणाले, "किती आलाय त्याचा आकडा?"

"ताई, आकडा माझ्या कामाचा आहे. औषध द्यायचं की नाही, एवढंच मला त्यावरून ठरवायचंय. तुमच्या कामाचा नाही तो."

"मी गणित शिकवते, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. लिहिला तर वाचणाऱ्याच्याही तोच लक्षात राहील. मोठा होता एवढं पुरे.

"आणि मुलीचा?"

"तिचा काढायची गरज नाही. ती बरी चाललीय."

"काढा."

त्यांनी काढला. तिचा लहान आला, मुलाच्या पुढे तर काहीच नाही. मी सुटकेचा श्वास सोडला असणार, कारण ते लगेच म्हणाले, "कमी म्हणजे शून्य नव्हे." संभाव्यतेचा धडा शिकवताना मी दरवर्षी हेच वाक्य मुलांना वहीत लिहून देते. खाली रेघ मारायला लावते.

आम्ही औषधासाठी सही केली आणि बाहेर आलो. सासूबाई बाहेर स्टीलच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांना सांगितलं, मुलाचं अवघड आहे, मुलीचं बरं आहे. त्या म्हणाल्या, "निदान उलटं तरी असायचं."

"आई!" नवरा म्हणाला.

"आई काय? मनात आलं ते बोलले. तुमच्या मनात नाही आलं?"

त्याच क्षणी मी ठरवलं, मुलगी माझी. त्यानंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले की सासूबाईंच्या त्या वाक्यामुळे मी मुलीच्या बाजूने उभी राहिले. सांगायला चांगलं वाटतं. खरं एवढंच होतं की मुलगा जाणार हे मी मनात धरलं होतं, आणि जाणाऱ्याजवळ बसायची माझ्यात ताकद नव्हती. उत्तर आधीच दिसलेलं होतं, मग उदाहरण सोडवायचं कशाला?

पंधराव्या दिवसापासून मी आत गेले की हात धुऊन थेट मुलीकडे जायचे. तिला छातीवर घ्यायची परवानगी मिळाली होती. मी आरामखुर्चीत बसायचे, सिस्टर तिला नळ्यांसकट उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवायची, वरून चादर. तास, दीड तास. ती खुर्ची मी अशी वळवून घ्यायचे की मुलाच्या पेटीकडे माझी पाठ होईल. तिथे सिस्टर लोक सगळ्या बायकांना 'आई'च म्हणत. एक केरळची सिस्टर होती, मराठी तिचं तोडकं पण स्पष्ट. ती म्हणाली, "आई, दोन नंबरला पण हात लावा ना. तो वाट बघतो."

"माझे हात गार आहेत."

"हिला चालतात?"

मी चादर आणखी वर ओढली.

मग दुधाचं झालं. आयांसाठी एक खोली होती, तिथे आम्ही पंपाने दूध काढायचो. लहान बाटल्यांवर चिकटपट्टी लावून नाव आणि वेळ लिहायची, माझ्या बाटल्यांवर 'एक' किंवा 'दोन'. मला दूध फार येत नव्हतं. त्या खोलीत मी चिकटपट्ट्यांवर सगळीकडे 'एक' लिहायला लागले. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, मुलाला दूध-पेढीतलं, दुसऱ्या कुठल्या तरी आईचं दूध जात होतं. पाचव्या दिवशी तीच सिस्टर दाराशी आली.

"दोन नंबरचं कुठे आहे?"

"आलं नाही आज."

तिने ट्रेमधल्या बाटल्या पाहिल्या. तीन होत्या, तिन्हींवर 'एक'. तिने माझ्यासमोर तिसऱ्या बाटलीवरची पट्टी सोलून काढली, दुसरी लावली, स्वतः 'दोन' लिहिलं आणि निघून गेली. खोलीत आणखी चार बायका होत्या. मी पंप धुवायला लागले.

त्या चौघींत विश्रांतवाडीच्याही पुढे, आळंदी रस्त्याला लागून असलेल्या एका गावची बाई होती. तिची मुलगी माझ्या मुलाच्या शेजारच्या पेटीत होती. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, तुमचा ल्योक माझ्या पोरीशेजारी हाय. त्याच्याकडं कुणी येत कसं न्हाई?"

"त्याचे बाबा येतात संध्याकाळी."

"आन दिसभर?"

मी बाटलीचं झाकण लावायला घेतलं.

"मी बोलते त्याच्यासंगं अधनंमधनं. चालंल न्हवं?"

"बोला," मी म्हणाले. एखादीने आपली खुर्ची मागावी आणि आपण ती द्यावी, तितक्या सहज.

एका आठवड्याने तिची मुलगी गेली. तिने पिशवी भरली, सिस्टरला विचारून आत गेली, मुलाच्या पेटीपाशी मिनिटभर उभी राहिली आणि बाहेर आली. मी दारातच होते. ती माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याशी बोलली नाही.

मधल्या काळात मुलाला औषध लागू पडलं होतं. एकोणिसाव्या दिवशी त्याची नळी निघाली आणि या वेळी परत घालावी लागली नाही. नवरा ऑफिसातून धावत आला. मी मुलीला छातीवर घेऊन बसले होते.

"त्याची नळी काढली! रडला म्हणे. आवाज आला त्याचा. चल, ऐक."

"हिला आत्ताच घेतलंय."

"दोन मिनिटं ठेव ना तिला."

"नंतर येते."

तो उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता तिकडे गेला. त्या दिवशी सिस्टरने त्याला विचारलं, बाबा घेतील का छातीवर? वडीलही घेऊ शकतात हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने शर्टाची बटणं काढली. मी ते पाहिलं नाही, माझी पाठ होती. नंतर रोज पाच ते सात तो मुलाला छातीवर घेऊन बसायचा आणि मी सहा पेट्या अलीकडे मुलीला. एकाच खोलीत आमचे दोन संसार झाले.

मला वाटत होतं, मुलाचं हे चार दिवसांचं बरं वाटणं आहे. आकडा मी पाहिला होता.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी गेले तर मुलीच्या पेटीभोवती तिघं उभी होती. पहाटेपासून ती श्वास घ्यायला विसरत होती. अपुऱ्या दिवसांची मुलं विसरतात, तळव्याला टिचकी मारली की त्यांना आठवतं. हिला टिचकीने आठवेना. रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. दुपारपर्यंत तिच्या तोंडात नळी होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. "तुम्ही कमी म्हणाला होतात."

"चौदाव्या दिवशी कमी होती. आज चोविसावा आहे."

"मग आजचा काढा."

"काढलाय."

"किती?"

"सांगत नाही," ते म्हणाले, आणि या वेळी पडदा वळवला नाही.

ती तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहिली. औषध तिलाही दिलं, पण तिच्या फुप्फुसांनी फारसं ऐकलं नाही. मी मुलीकडून उठून मुलाकडे गेले असं कुणाला वाटेल. नाही गेले. उलट जास्तच चिकटले. मुलगा वाढत होता, तेराशे ग्रॅम, पंधराशे. त्याच्या अंगावर मांस चढताना दिसे आणि मला त्याचा राग येई. वाटे की त्याच्या पेटीतला आजार उठून हिच्या पेटीत गेला. शिकलेल्या बाईने असा विचार करावा याची लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

जन्म लवकर झाला तरी आठवडे पुढे मोजत राहतात. छत्तीस आठवडे भरले की पाहतात, बाळाला अजून ऑक्सिजन लागतो का? लागत असला तर तो आजार धरतात. तो दिवस आला. मुलाच्या नाकाशी अगदी बारीक नळी होती, नावापुरता ऑक्सिजन. म्हणजे त्यालाही होता, सौम्य. मुलीला होता आणि तीव्र होता. डॉक्टरांचा मुलाबद्दलचा अंदाज कागदावर बरोबर आला. तीन आठवड्यांत त्याची ती बारीक नळीही निघाली आणि एप्रिलच्या मध्याला तो घरी गेला. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही. सासूबाईंनी त्याला शालीत गुंडाळून नेलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून आम्ही जगवतो याला. तुम्ही या सवडीने."

मुलगी सहा आठवड्यांनी घरी आली, ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. बेडरूममध्ये ते मशीन, वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात उभा सिलिंडर, आणि तिच्या गालांवर चिकटपट्टीने बसवलेली नळी. ती आणि मी बेडरूममध्ये, मुलगा, त्याचे बाबा आणि आजी हॉलमध्ये. दार बंद. मुलाला सर्दी झाली तर हिला लागेल, म्हणून मीच तो नियम केला होता.

माझी मुलगी कशी होती ते सांगते, कारण आता सांगणारी मी एकटीच आहे. ती हसायची पण आवाज करायची नाही. आवाजाला लागणारा श्वास तिच्याकडे शिलकीत नव्हता. तोंड उघडून, डोळे बारीक करून, सगळं अंग हलवून हसायची. मशीनची घरघर थांबली की जागी व्हायची. नळी मुठीत धरून झोपायची. पंख्याकडे बघत राहायची आणि मी पंख्याच्या आणि तिच्या मध्ये आले तर नाराज व्हायची. सहाव्या महिन्यात तिने माझा चष्मा ओढला आणि मग रोज ओढला. दूध पिताना थकायची, कपाळावर घाम यायचा. बाटलीतलं अर्धं संपायला तास लागे. मी क्लास सोडला होता. दिवसभर मी तिला पाजत होते, असं म्हटलं तरी चालेल.

सासूबाई कधी तरी दारातून डोकावायच्या. "नळी निघाली म्हणजे सुटेल बिचारी," म्हणायच्या. त्यांना काय म्हणायचं असे ते मी कधी विचारलं नाही.

शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं होतं. पावसाळा सरल्यावर जुनी इमारत पाडायला सुरुवात झाली. खिडक्यांच्या फटींना मी ओले टॉवेल लावायचे, संध्याकाळी ते राखाडी निघायचे. दिवाळीच्या आधी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. निवृत्त गृहस्थ, सकाळी फिरायला जाणारे. मी म्हणाले, "घरात ऑक्सिजनवर बाळ आहे. आपल्या आवारात तरी फटाके नकोत, असं आपण सांगू शकाल का?"

ते म्हणाले, "दिवाळी चारच दिवस असते, ताई. आपण बाळाला चार दिवस गावाला न्या."

"आमचं गाव हेच आहे."

"मग खिडक्या लावून घ्या," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मुलगा एव्हाना रांगायला लागला होता. बेडरूमच्या दाराशी यायचा आणि तळहाताने थापा मारायचा. आतून मी कडी लावलेली असे. तो थापा मारत राहायचा. मुलगी त्या आवाजाकडे मान वळवायची आणि तिचं ते बिनआवाजाचं हसू हसायची. मी आतून ओरडायचे, "याला घ्या कुणी तरी!" थापा थांबायच्या, सासूबाईंनी त्याला उचललेलं असे. त्या दोघांनी एकमेकांना जवळून पाहिलं ते मोजून पाच-सहा वेळा, आणि मी नाकाला रुमाल बांधून मध्ये उभी राहून.

डिसेंबरात मुलाला सर्दी झाली. दोन दिवस नाक गळलं, ताप आला नाही, तिसऱ्या दिवशी तो हॉलमध्ये खेळत होता. त्याच दिवशी मुलीला खोकला लागला. कडी लावलेली असली तरी त्याचे कपडे आणि हिचे कपडे मी एकाच दोरीवरून काढत होते. संध्याकाळी तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. मशीन पुरेना. हॉस्पिटल तेच, पण आता वरचा मजला, मोठ्या मुलांचा अतिदक्षता विभाग. अकरा महिन्यांची असताना पुन्हा तिच्या तोंडात नळी गेली. नळी घालताना तिचा हात हवेत काहीतरी शोधत होता, माझा चष्मा असावा. मला बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला ती गेली. बाहेर ऊन पडलं होतं, कुणाच्या तरी डब्यातल्या पोह्यांचा वास येत होता. तिचे डॉक्टर वेगळे होते, पण आमचे जुने डॉक्टर खालून वर आले. माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं ते काही बोलतील. ते म्हणाले, "मुलगा कसा आहे?"

मी म्हणाले, "माहीत नाही." चार दिवस मी विचारलंच नव्हतं.

सगळं आटोपून घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. सासूबाई मुलाला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्याचं नाक अजून थोडं वाहत होतं. मला बघून त्याने दोन्ही हात पुढे केले. तो सगळ्यांनाच हात करायचा तेव्हा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू दिलंस तिला."

अकरा महिन्यांच्या मुलाला मी हे म्हणाले. दारात उभी राहून, मोठ्याने, त्याच्या तोंडावर. तो हसला, कारण मी त्याच्याशी बोलले होते.

नवऱ्याने आईच्या कडेवरून त्याला घेतलं. सावकाश, जसं तो सगळंच करतो. आणि मला म्हणाला, "तुझी गेली. हा माझा आहे. याला तू काही बोलायचं नाहीस."

सासूबाईसुद्धा "अरे" म्हणाल्या. पण तो आत निघून गेला होता.

नंतर त्याने ते वाक्य कधी मागे घेतलं नाही आणि मीही कधी मागे घ्यायला सांगितलं नाही. आम्ही एकत्र राहतो. भांडत नाही. मी क्लास परत सुरू केला, बेडरूमचं दार उघडं ठेवायला लागले. मुलाचा डबा मी करते, त्याचा अभ्यास मी घेते, गणितात तो बरा आहे. ताप आला की तो बाबांना हाक मारतो. मी उठेपर्यंत ते तिथे पोचलेले असतात. त्याच्या लहानपणाचे फोटो बाबांच्या फोनमध्ये आहेत, माझ्या फोनमध्ये एकही नाही. एकदा डॉक्टरांकडे फुप्फुसाच्या तपासणीला गेलो, त्याला एका नळकांड्यात जोरात फुंकायला सांगितलं. तिथल्या मुलीने विचारलं, "जन्मल्यावर किती दिवस व्हेंटिलेटरवर होता?" मी आठवत राहिले. नवऱ्याने दिवस आणि तास सांगितले.

मुलगा आता तिसरीत आहे. गेल्या हिवाळ्यात सासूबाई हॉलमध्ये मटार सोलत बसल्या होत्या, तो त्यांच्यापाशी दाणे खात होता. त्यांना वयामुळे आता काय बोलावं, काय नाही याचा विधिनिषेध उरलेला नाही. तसा तो पूर्वीही फारसा नव्हता. थोड्या वेळाने तो माझ्याकडे स्वयंपाकघरात आला. हातात बॅट होती.

"आई, तू माझ्यावर पाणी सोडलं होतंस?"

"कोण म्हणालं?"

"आजी. म्हणजे काय?"

गॅस बारीक केला. खोटं बोलता आलं असतं, आजीला काही आठवत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "एखादी गोष्ट आता आपली राहिली नाही असं ठरवायचं, म्हणजे पाणी सोडायचं."

"मग तू तसं ठरवलंस?"

"हो."

"का?"

"डॉक्टरांनी हिशेब केला होता. तुझी फुप्फुसं बरी होणं अवघड होतं."

"पण झाली ना?"

"झाली."

"आणि तिची?"

"तिची नाही झाली."

"तिच्यावर पण पाणी सोडलंस?"

"नाही."

त्याने विचार केला. बॅटचं टोक फरशीवर दोनदा आपटलं. मी थांबले होते, तो रडेल, चिडेल, काही तरी विचारेल म्हणून. त्याने विचारलं, "मी खाली जाऊ? सगळे आलेत."

"जा."

तो गेला. खालून त्याचा आवाज येत होता, बॅटिंग कोणाची यावरून भांडत होता. साडेसातला परत आला, हातपाय धुतले, जेवायला बसलो. चौघं. अर्धी पोळी झाल्यावर तो सहज म्हणाला, "बाबा, मी काचेत होतो तेव्हा आईनं माझ्यावर पाणी सोडलं होतं. तुला माहितीय?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. नवऱ्याने केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"माहितीय," तो म्हणाला. "वरण घे."

मी वरणाचं पातेलं मुलाकडे सरकवलं. त्याने स्वतःच वाढून घेतलं.